मुंबईत चालणाऱ्या स्पोर्टी गाडीला परवडणारे, पण चांगली पकड देणारे टायर कोणते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : गाडी ह्युंदाई आय२० एन लाइन, मूळ माप १९५/५५ आर१६ (रुंदी १९५ मिलीमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम सोळा इंची), एक्केचाळीस हजार किलोमीटर झालेत आणि नक्षी संपत आली आहे. रोज बोरिवलीहून बीकेसी आणि परत, रविवारी पहाटे लोणावळा. चार टायरांना मिळून छत्तीस हजारांच्या वर जायचं नाही, पण 'गाडीला शोभेल अशी पकड' हवी. एका दुकानदाराने सतरा इंची अलॉय (मिश्रधातूची रिम) आणि २१५/४५ सुचवलेत. मित्र म्हणतो, मिशेलिन पायलट स्पोर्टशिवाय काही घेऊच नकोस. आणि कुणीतरी कुर्ल्यातून वापरलेले जपानी टायर निम्म्या किमतीत आणून देतो म्हणतंय.

मुलुंडला आमचं टायर आणि अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचं, दुकान आहे. वडिलांच्या हाताखाली शिकले, आता मीच चालवते. मे महिन्याच्या शेवटी असे प्रश्न रोज येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक ठरवू या : तुमची पकड नेमकी कुठे कमी पडते? तुमच्या इंजिनात १२० पीएस ताकद आणि १७२ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) आहे, आणि ती ताकद पुढच्या चाकांना जाते. कोरड्या, तापलेल्या डांबरावर कुठल्याही बऱ्या कंपनीचा ताजा टायर तुम्हाला जितकी पकड देतो, तितकी रस्त्यावर वापरायला तुम्हाला मुभाच नाही. सी लिंकवर मर्यादा ताशी ८०, एक्स्प्रेस वेच्या घाटात ६०. कोरड्यात टायर किंचाळेपर्यंत वळण घेणारे ग्राहक माझ्याकडे फार थोडे आहेत, आणि त्यातल्या कुणाची गाडी त्या कारणाने ठोकली गेल्याचं मला आठवत नाही. ठोकल्या गेल्या त्या पावसात, पुढची रिक्षा अचानक थांबली म्हणून. जोगेश्वरीच्या उतारावर, उड्डाणपुलाच्या लोखंडी सांध्यावर, मेट्रोच्या कामाच्या पत्र्यावर, झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावर. त्यामुळे मुंबईत माझ्या लेखी टायरचा परफॉर्मन्स म्हणजे पहिल्यांदा ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग. स्टिअरिंगचा चटपटीतपणा त्यानंतर, आणि तोही बऱ्याच अंशी कमी पैशांत मिळवता येतो. ते पुढे सांगते.

फरक किती पडतो ते आकड्यांत पाहा. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना ओल्या रस्त्यावर घर्षणगुणांक (टायर आणि रस्ता यांच्यातली पकड सांगणारा आकडा) ०.७ मिळाला, तर ब्रेक धरल्यापासून गाडी सुमारे ३६ मीटरमध्ये थांबते. ०.६ मिळाला तर सुमारे ४२ मीटर लागतात. सहा मीटर म्हणजे तुमच्या गाडीची दीड लांबी, फार नाही असं वाटेल. पण याच हिशेबातला दुसरा भाग बघा : पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, त्या जागेवरून जाताना दुसरीचा वेग अजून ताशी ३० असतो. एकीत काहीच झालेलं नाही आणि दुसरीचं बंपर, रेडिएटर, कदाचित एअरबॅगही गेलेली आहे. चांगल्या आणि सुमार टायरमधली तफावत इतकी सहज असू शकते. टायरला दोन हजार जास्त का द्यायचे, हे ग्राहकाला समजावताना मी हाच हिशेब कागदावर मांडून दाखवते.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगते, कारण एकच उत्तर सगळ्यांना लागू नाही. गाडी घेऊन कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायला, जाणार असाल, तर माझं बाकीचं उत्तर बाजूला ठेवा. तिथे मऊ रबर आणि ताठ साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) हवी, आणि तो टायर रोज वापरायचा नाही. तुमचं रनिंग वर्षाला पाच-सहा हजारच असतं, तर मी टिकाऊपणाकडे बघितलंच नसतं, कारण टायर झिजण्याआधी म्हातारा होणार होता. मुंबईत असं फार होतं : नक्षी भरपूर दिसते, पण पाच-सहा वर्षांत रबर जुन्या रबर बँडसारखं कडक झालेलं असतं. बोरिवली ते बीकेसी रोज म्हणजे तुमचं रनिंग बरंच आहे. त्यामुळे तुम्हाला ओल्यात पकड आणि ठीकठाक आयुष्य, दोन्ही सांभाळणारा मधला टायर लागेल. आणि गाडीत नेहमी चार माणसं आणि सामान असेल तर तेही दुकानदाराला सांगा.

सतरा इंची रिमचं काय? माझं मत स्पष्ट नकार आहे. १९५/५५ मध्ये साइडवॉलची उंची साधारण १०७ मिलीमीटर येते. २१५/४५ आर१७ मध्ये ती ९७ होते. चाकाचा एकूण व्यास जवळजवळ तेवढाच राहतो, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही, हे दुकानदाराचं म्हणणं खरं आहे. पण तो गेलेला एक सेंटीमीटर हाच तुमच्या रिम आणि खड्ड्याच्या मधला रबर होता. पावसात पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, सुटलेल्या पेव्हर ब्लॉकची कड दिसत नाही. धक्का बसला की साइडवॉल खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात चेपली जाते, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी बाजूला फुगा दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, कुणी काहीही सांगो. तो बदलावाच लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे फुग्याचे जे टायर येतात, त्यांत रिम मोठं करून घेतलेल्या गाड्यांचा वाटा डोळ्यांत भरण्याइतका असतो.

शिवाय रुंदी. रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हे अर्धंच खरं आहे. हवेचा दाब आणि वजन तेच असेल, तर जमिनीला टेकणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ फारसं बदलत नाही, फक्त त्याचा आकार आडवा आणि आखूड होतो. कोरड्यात वळताना त्याचा फायदा होतो. साचलेल्या पाण्यात मात्र रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि तो लवकर तरंगायला लागतो. वर मोठ्या चाकाचं वजन वाढलं की सस्पेन्शनला ते आवरायला जड जातं आणि खराब रस्त्यावर चाक जमीन सोडतं. आणि गाडीच्या मूळ मापापासून दूर गेलात, तर विम्याच्या दाव्यात विनाकारण प्रश्न निघू शकतात. अलॉयचे पैसे वाचवा. तेवढ्यात टायरची एक पायरी वर चढता येते.

कुणी २०५/५५ आर१६ सुचवेल, 'सहज मिळतो' म्हणून. त्याचा व्यास तुमच्या मापापेक्षा साधारण अकरा मिलीमीटर जास्त, म्हणजे पावणेदोन टक्के. बसेल, चालेलही, पण गिअरिंग तेवढं लांबतं आणि पिकअप किंचित मंदावतो. टर्बो गाडी आवडीने घेतलेल्या माणसाने हे का करावं? मूळ माप ठेवा.

मापाच्या पुढे जे छापलेलं असतं, समजा ८७व्ही, त्यातलं ८७ म्हणजे एका टायरवर ५४५ किलो भार, आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. एच असेल तर २१०. दोन्ही बाबतींत गाडीवर मूळ जो आकडा आहे त्याच्या खाली जायचं नाही. वर गेलात तर चालतं. ९१ आणि एक्सएल असं लिहिलेला टायर मिळाला तर तो जास्त भार घेणारा, थोडा भक्कम बांधणीचा असतो. खड्ड्यांच्या शहरात मला तो आवडतो, पण चाल जरा ताठ लागते. आईवडील मागच्या सीटवर नेहमी बसत असतील तर त्यांना विचारून घ्या.

आता कोणता टायर. मित्राचं मत चांगलं आहे, पण तुमच्या गाडीला लागू पडत नाही. पायलट स्पोर्ट ही मालिका मुख्यतः सतरा इंच आणि त्यापुढच्या मापांची आहे. त्यातून २०२०च्या जूनपासून टायरची आयात परवान्याखाली आली आहे, त्यामुळे बाहेरून येणारी मापं कधी मिळतात, कधी महिनोन्महिने नाहीत. एक टायर फुटला आणि जोडीचा मिळेना, अशी वेळ येऊ शकते. रोजच्या गाडीला मी असा टायर घालत नाही, ज्याचा एक नग आठवड्याभरात आणता येणार नाही.

तुमच्या बजेटमध्ये, म्हणजे नगाला नऊ हजारांच्या आत, मी मधल्या पायरीवर शोधेन : काँटिनेंटल अल्ट्राकाँटॅक्ट यूसी६, गुडइयर अश्युरन्स ट्रिपलमॅक्स २, योकोहामाची ब्लूअर्थ मालिका, ब्रिजस्टोन टुरान्झा, अपोलोच्या छत्राखालचा व्रेडेस्टाइन. यांतला तुमच्या मापात, त्या आठवड्यात, ताज्या तारखेचा जो मिळेल त्यावर बोलणी करा. ओल्यात ब्रेक हीच प्राथमिकता असेल तर माझा हात आधी पहिल्या दोन नावांकडे जातो. मिशेलिन प्रायमसी ४ एसटी बजेटच्या थोडा वर जाईल, शांत चालतो, ओल्यातही उत्तम, पण स्टिअरिंगला मऊ लागतो. तुम्हाला 'स्पोर्टी' वाटण्याची हौस आहे, म्हणून तो तुमच्यासाठी माझी पहिली निवड नाही. बजेट आणखी खाली आणायचं असेल तर अपोलो अल्नॅक किंवा सिएट सिक्युराड्राइव्ह घेतलेत तरी मी नाक मुरडणार नाही. देशी कंपन्यांचे गाड्यांचे टायर आता खूप सुधारले आहेत. नाव नसलेल्या स्वस्त टायरपेक्षा ते शंभरदा बरे. फक्त 'जास्तीत जास्त किलोमीटर' आणि 'इंधनबचत' हेच दोन शब्द ज्याच्या जाहिरातीत मोठे आहेत, तो टायर तुमचा नाही. टॅक्सीवाल्यांसाठी तो उत्तम आहे, पण त्यासाठी ओल्यातली पकड काही अंशी सोडलेली असू शकते. रबराच्या मिश्रणात चांगला सिलिका घालून दोन्ही साधता येतं, पण ते महाग पडतं आणि पायरी वर जाते.

काही टायरांच्या बाजूला ट्रेडवेअर (झीज) ३००, ट्रॅक्शन (पकड) ए, टेम्परेचर (उष्णता) ए असं छापलेलं असतं. ही अमेरिकी पद्धत आहे. ट्रेडवेअरचा आकडा कंपनी स्वतःच देते, त्यामुळे एका कंपनीचा ४०० आणि दुसरीचा ३४० यांची थेट तुलना करू नका. एकाच कंपनीच्या दोन टायरांत मात्र त्यावरून मऊ कोणता याचा अंदाज येतो. ट्रॅक्शनचा दर्जा ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारून ठरतो. वळणातली पकड आणि पाण्यावर तरंगणं त्यात मोजलंच जात नाही. युरोपातल्या चाचण्यांचे व्हिडिओ बघून येणाऱ्यांनाही मी सांगते, नाव तेच असलं तरी इथे बनलेल्या टायरचं मिश्रण वेगळं असू शकतं.

तारीख हा मुद्दा मी कधीच सोडत नाही. साइडवॉलवर डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. १४२५ असेल तर २०२५ सालचा चौदावा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला उत्तम, वर्षापर्यंत चालेल, त्यापुढे सवलत मागा किंवा दुसरा आणायला सांगा. चारही टायरांवर बघा. तीन ताजे आणि एक दीड वर्षाचा, हा प्रकार मी दुसरीकडून टायर घेऊन फक्त अलाइनमेंटसाठी आलेल्या गाड्यांवर पाहिला आहे. हे आकडे साइडवॉलच्या एकाच बाजूला असतात आणि टायर चढवल्यावर आत जाऊ शकतात, म्हणून चढवायच्या आधी बघायचं.

म्हणूनच कुर्ल्याच्या त्या वापरलेल्या टायरांना हात लावू नका. नक्षी छान दिसते, कधी तर ती नव्याने कोरलेलीही असते. टायर किती वर्षांचा आहे, आत किती पॅच आहेत, कमी हवेवर किती पळाला आहे, हे बाहेरून कळत नाही. शिवाय आपल्याकडे गाडीच्या टायरवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते त्यावर नसेल तर पुढे वॉरंटीही नाही आणि दादही नाही.

किमतीबद्दल एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. करापूर्वी साडेसात हजारांचा टायर आधी ९,६०० ला पडायचा, आता ८,८५० ला. चार टायरांमागे तीन हजार सुटले. जुन्या छापील किमतीवरून 'सूट' दाखवणाऱ्याला हे विचारा. बिल पक्कं घ्या. काही कंपन्या ठरावीक काळासाठी कट लागणं किंवा फुगा येणं यालाही वॉरंटी देतात, पण बिल आणि नोंदणीशिवाय ती मिळत नाही. मुंबईत एका खड्ड्यात तिचे पैसे वसूल होतात. छत्तीस हजारांतून बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि नव्या व्हॉल्व्हचे पैसे आधी बाजूला काढा, मग टायरचा भाव बघा.

आता तो चटपटीतपणा. स्टिअरिंग ढिलं वाटतं म्हणून महाग टायर मागणाऱ्या ग्राहकांच्या गाडीत मी आधी हवा बघते. ती निम्म्या वेळा कमी असते. दार उघडल्यावर चौकटीवर स्टिकर आहे, त्यावरचा दाब सकाळी टायर थंड असताना भरायचा. पंपावर गाडी तापलेली असताना मोजलात तर आकडा वाढलेला दिसतो, तापमान पाच-सहा अंशांनी चढलं की साधारण एक पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) वाढतो. कमी हवेचा पावसाशी थेट संबंध आहे. १९६०च्या दशकात नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी विमानांच्या टायरांवर काम करून एक ढोबळ सूत्र मांडलं : भरपूर साचलेल्या पाण्यात टायर कोणत्या वेगाला तरंगतो ते त्याच्या दाबावर ठरतं. ३३ पीएसआयला तो वेग साधारण ताशी ९६ येतो, २६ पीएसआयला ८५. चांगली खोल नक्षी पाणी वाहून नेते आणि थोडी सूट देते, पण झिजलेल्या टायरला हे सूत्र बरंच जवळून लागू पडतं. अटल सेतूवर १०० ची मर्यादा आहे आणि पाऊस तिथे आडवा येतो. सात पीएसआय कमी हवेवर तिथे जाऊ नये.

नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलीमीटर आहे, खाचांत जे छोटे उंचवटे असतात ते तिथेच. मी मात्र पावसाळ्याआधी तीन मिलीमीटरच्या खाली असलेले टायर बदलायला सांगते. उरलेल्या दीड मिलीमीटरचे पैसे वाया जातात असं वाटतं, पण चार महिने इथे जो पाऊस पडतो त्यात त्या खाचाच पाणी बाहेर काढत असतात.

चारही टायर एकदम घेताय ते योग्यच आहे. पुढे कधी दोनच घ्यायची वेळ आली, तर नवे दोन मागे घाला. यावर लोक वाद घालतात, कारण ताकद पुढच्या चाकांना आणि झीजही पुढेच. पण ओल्या वळणात पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जाते, तुम्हाला कळतं, पाय उचलला की सावरते. मागची सुटली तर गाडी फिरते, आणि खंडाळ्याच्या घाटात ती सावरायला जागा नसते. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे-मागचे अदलाबदल केलेत तर हा प्रश्न येतच नाही, चारही एकत्र संपतात.

बसवताना दुकानात उभे राहा. टायरवर 'आउटसाइड' लिहिलं असेल तर ती बाजू बाहेर आली पाहिजे. बाण असेल तर तो चाक पुढे फिरण्याच्या दिशेने. घाईत ही चूक होते आणि महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जपून चालवा, साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला लेप निघून जाईपर्यंत पूर्ण पकड मिळत नाही. पावसाळा तोंडावर आला असेल तर पहिली सर येण्याआधीच हे किलोमीटर उरकून घ्या. त्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल वर येतं आणि निसरडेपणा सगळ्यात जास्त असतो.

आणि जुने टायर उतरवायच्या आधी एक काम करा. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून पुढच्या दोन्ही टायरांच्या आतल्या कडेवरून हात फिरवा आणि फोटो काढा. आतली कड जास्त खाल्लेली असेल, तर टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असणं) किंवा कॅम्बर (चाक उभ्यात कलणं) बिघडला आहे. मधला पट्टा जास्त गेला असेल तर हवा जास्त ठेवत होतात, दोन्ही खांदे गेले असतील तर कमी. हात एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागला, तर टोच. अलाइनमेंट करणाऱ्याला ते फोटो दाखवा आणि आधीचे-नंतरचे आकडे छापलेला कागद मागा. एक्केचाळीस हजार किलोमीटरमध्ये सस्पेन्शनचा खालचा आर्म किंवा बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा सांधा) सैल झाला असेल, तर अलाइनमेंट कितीही वेळा केलं तरी टिकणार नाही. तो आधी बदला आणि मग नवे टायर चढवा. आकड्यांचा कागद आणि फोटो मला इथेच पाठवलेत तर बघून सांगेन.